तगरीवरची निळ्या डोळ्यांची अळी: मारायची की ठेवायची?

सकाळी पूजेची फुलं काढायला जावं, तर तगरीच्या शेंड्याकडच्या फांद्यांच्या नुसत्या काड्या झालेल्या. काल संध्याकाळी तिथे पानं होती. खाली फरशीवर काळ्या मिऱ्यांएवढ्या लेंड्या पडलेल्या. फांदी वाकवून नीट पाहिलं की पानांच्या रंगात मिसळून गेलेली, बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. फांदी हलताच ती डोकं आत ओढून घेते आणि डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे उघडतात. फुलांची परडी तिथेच राहते आणि माणूस दोन पावलं मागे सरतो.

पावसाळा सुरू झाला की घरोघरच्या बागांमधून तेच प्रश्न येऊ लागतात. ही अळी चावते का? विषारी आहे का? झाड मरेल का? कोणतं औषध मारायचं? ती ‘घोणस अळी’ म्हणतात ती हीच का? यातल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ती डंख करत नाही, झाड मरत नाही, औषधाची गरज सहसा पडत नाही आणि ही घोणस अळी नव्हे. मात्र तगरीच्या शेजारी कण्हेर असेल, घरात लहान मूल असेल किंवा सोसायटीने फवारणीवाला बोलावला असेल, तर काही गोष्टी नीट माहीत असायला हव्यात.

आधी ओळख पटवून घ्या

ही अळी ज्याची, त्या पतंगाचं शास्त्रीय नाव डॅफ्निस नेराय. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली, आणि नावातलं ‘नेराय’ कण्हेरीच्या ‘नेरियम’ या नावावरून आलं आहे. इंग्रजीत त्याला ओलिअँडर हॉकमॉथ म्हणतात. या लेखात त्याला कण्हेरी पतंग म्हटलं आहे. तो ससाणा पतंगांच्या कुळातला आहे. या कुळातले पतंग वेगाने उडतात, आणि फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पितात.

अळी वाढते तशी तिची रूपं बदलतात. म्हणूनच एकाच झाडावर ‘चार प्रकारच्या अळ्या’ आहेत असं अनेकांना वाटतं.

- अंडं: कोवळ्या पानावर एकेकटं घातलेलं, फिकट हिरवं, मोहरीएवढं. पुंजका दिसला तर तो या पतंगाचा नव्हे.
- लहान अळी: पोपटी रंगाची, शेपटाकडे केसासारखं बारीक, लांब, काळं शिंग. या शिंगाने ती टोचत नाही. ते मऊ असतं.
- मोठी अळी: सात-आठ सेंटिमीटर लांब, हिरवी, दोन्ही कुशींना पांढरा पट्टा आणि त्याच्या आसपास बारीक पांढरे ठिपके. डोक्यामागे गडद कडेचे निळे-पांढरे ‘डोळे’. शिंग आता आखूड, जाड, पिवळसर.
- कोषात जाण्याआधीची अळी: हिरवा रंग जाऊन तपकिरी झालेली, खाणं थांबवून जमिनीवर फिरणारी. या अवस्थेत पुष्कळ लोक तिला आजारी समजून फेकून देतात. ती आजारी नसते, कोषासाठी जागा शोधत असते.

ते निळे डोळे म्हणजे नुसती नक्षी. खरे डोळे डोक्यावर असतात आणि फार बारीक. नक्षी पाहून एखादा बुलबुल क्षणभर बिचकला तरी अळीचं काम झालं.

मराठी भाषेने इथे आपली मोठी सोय करून ठेवली आहे. केसाळ असेल तो सुरवंट, गुळगुळीत असेल ती अळी. खाज आणि आग होते ती बहुतेक वेळा केसांमुळे किंवा काट्यांमुळे. कण्हेरी पतंगाच्या अळीच्या अंगावर एकही केस नाही, एकही काटा नाही. ती हातावर चालली तर थंड, मऊ, किंचित चिकट लागते, इतकंच.

झाड कोणतं ते सांगा, अळी कोणती ते कळेल

पतंग आणि फुलपाखरं अंडी घालताना झाड निवडून घालतात, आणि अळ्या त्याच कुळातली पानं खातात. त्यामुळे फोटो धूसर असला तरी झाडाचं नाव सांगितलं की निम्मं काम होतं. अळी ओळखायची तर खाद्यवनस्पती नोंदवा, हा धडा कारवारच्या जंगलांत फार पूर्वी गिरवला गेला. टी. आर. बेल हे वन अधिकारी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारला असत. त्यांनी अळ्या गोळा करून, पानं घालून, घरी वाढवल्या आणि कोणती अळी काय खाते ते टिपून ठेवलं. एफ. बी. स्कॉट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भारतातल्या ससाणा पतंगांवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. कोकणातल्या ससाणा पतंगांच्या अळ्यांबद्दल आजही कुणाला शोध घ्यायचा असेल तर तिथवर जावं लागतं.

कण्हेरी पतंगाची अळी कण्हेर कुळातली झाडं खाते. आपल्या अंगणात आणि रस्त्यावर यातली बरीच असतात:

- तगर, एकेरी आणि दुहेरी दोन्ही
- कण्हेर, पांढरी आणि गुलाबी
- पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी
- सदाफुली
- सप्तपर्णी, जी मुंबई-पुण्यात रस्त्याकडेला ओळीने लावलेली दिसते
- करवंद
- सर्पगंधा
- कुंडीतलं अडेनियम

शहरातल्या बागांत तगर आणि सदाफुलीवर ती जास्त वेळा नजरेस पडते, कारण ही झाडं हाताच्या उंचीवर असतात. सप्तपर्णीवरही ती असते, पण तिथे वर मान करून बघतो कोण!

याच झाडांवर इतरही पाहुणे येतात. कण्हेरीवर पांढऱ्या पट्ट्यांची, अंगावर लांब काळे धागे असलेली अळी दिसली तर ती कॉमन क्रो या फुलपाखराची. तिचा कोष चांदीच्या डुलासारखा चकाकतो. कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळेधमक बारीक किडे गर्दी करून बसले असतील तर तो मावा. साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराचसा जातो. तगरीचं पान गुंडाळून, जाळं करून आत बसलेली छोटी अळी असेल तर तीही वेगळी. तेवढी पानं खुडून टाकली की झालं.

कढीपत्ता आणि लिंबावरची हिरवी अळी फुलपाखराची असते. तिला डिवचलं की ती डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिळाच्या पिकावर तिरप्या पट्ट्यांची आणि शेपटाकडे वळलेल्या शिंगाची मोठी अळी दिसते. ती कण्हेरी पतंगाच्या भाऊबंदांपैकी आहे, पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या पतंगाची. तीही डंख करत नाही.

जिला खरोखर हात लावायचा नाही ती कोणती?

सप्टेंबर २०२२ मध्ये मराठवाडा आणि आसपासच्या भागात घोणस अळीच्या बातम्यांनी शेतकरी धास्तावले होते. ऊस आणि गवतात काम करताना काहींना या अळीचे काटे लागले. प्रचंड आग झाली आणि दवाखाना गाठावा लागला. पाठोपाठ अळी ‘चावली’ की माणूस दगावतो अशा अफवा मोबाइलवरून फिरल्या. अळी चावत नव्हती. तिच्या अंगावरचे काटे त्वचेत शिरत होते आणि त्यातल्या द्रव्याने दाह होत होता. त्या घबराटीचा एक परिणाम असा झाला की हिरवी दिसेल ती अळी चिरडली जाऊ लागली.

फरक सोपा आहे. घोणस अळी चपटी, गोगलगाईसारखी सरकणारी असते, आणि अंगावर ओळीने काटेरी झुबके असतात. कण्हेरी पतंगाची अळी लांबट, गोल, गुळगुळीत असते आणि तिच्या शेपटाकडे एकच शिंग असतं. शेवग्याच्या खोडावर दिवसा घोळक्याने बसणारे केसाळ सुरवंटही ‘हात लावू नका’ याच यादीतले. त्यांचे केस खाजकुयलीसारखे लागतात.

केस किंवा काटे लागलेच, तर:

- चोळू नका, खाजवू नका. चोळल्याने केस आणखी आत जातात.
- चिकटपट्टी हलकेच लावून उचला, म्हणजे रुतलेले केस निघून येतात.
- साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा.
- अंगावरचे कपडे वेगळे धुवा.
- श्वासाला त्रास, चेहरा सुजणं, चक्कर किंवा डोळ्यात केस जाणं यातलं काही झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

विष झाडात आहे

इथे वाचकांची गफलत सर्वांत जास्त होते, आणि ती धोक्याची आहे. अळीला घाबरून मुलांना लांब ठेवलं जातं, पण कण्हेरीची फांदी मात्र मुलांच्या हातात सहज दिली जाते.

कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळं विषारी आहे. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बिट्टीची बी तर अधिकच घातक. अळी हीच पानं खाऊन जगते, पण म्हणून ती आपल्याला विष टोचू शकत नाही, तिच्याकडे टोचायला काहीच नाही. तिच्या पोटात मात्र कण्हेरीचं पान असू शकतं. त्यामुळे कोंबड्या, मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू तिच्याशी खेळत असेल तर बाजूला घ्या.

झाडाच्या बाबतीत काही नियम घरात पक्के करून ठेवा:

- अळी उचलताना पान तुटतं आणि पांढरा चीक हाताला लागतो. हात साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका. तगरीच्या चिकालाही हीच काळजी.
- छाटलेली कण्हेर शेळ्या-गाईंच्या वाटेवर टाकू नका. जनावरांना ती घातक आहे, वाळलेली पानंसुद्धा.
- छाटणीचा ढीग पेटवू नका. कण्हेरीचा धूरही त्रासदायक असतो.
- मुलाने पान किंवा बी चघळल्याची नुसती शंका असली तरी रुग्णालयात न्या, आणि पान किंवा फांदी सोबत न्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो.

मग अळीचं करायचं काय?

प्रसंग पाहून ठरवा. एका झाडावर दोन-चार अळ्या असतील आणि झाड जमिनीत रुजलेलं, जुनं असेल, तर काहीही करू नका, हाच सर्वोत्तम उपाय. अळीच्या एकूण खाण्यातलं बहुतांश खाणं शेवटच्या काही दिवसांत होतं. म्हणजे तुम्हाला नुकसान दिसतं तेव्हा तिचं काम जवळपास आटोपलेलं असतं. अंड्यातून निघाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ती खाली उतरून जाते आणि तगरीला नवी पालवी फुटते. पावसाळ्यात तर फार लवकर. छाटणी केल्यावर तगर जशी दाट होते तशीच ती यानंतरही होते.

कुंडीतली सदाफुली किंवा अडेनियम असेल तर गोष्ट वेगळी. एवढंसं रोप, दहा-बारा पानं, आणि त्यावर बोटाएवढी अळी! तिथे अळी हलवणं योग्य. ती बसलेली डहाळी कात्रीने कापा आणि जवळच्या तगरीवर किंवा रस्त्यावरच्या सप्तपर्णीवर अडकवा. अळीला ओढून काढू नका. ती फांदीला घट्ट धरते आणि ओढताना जखमी होते. जास्वंदीवर किंवा गुलाबावर नेऊन ठेवलीत तर ती उपाशी मरेल. तुम्हाला दया दाखवल्याचं समाधान मिळेल, पण अळीला त्याचा काही उपयोग नाही.

नवीन लावलेली रोपं वाचवायची असतील तर सरळ बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी टाका. पतंग अंडी घालायला संध्याकाळनंतर येतो. रोज सकाळी शेंड्याची पानं उलटीसुलटी पाहून अंडं पुसून टाकायलाही दोन मिनिटं लागतात.

एक चूक टाळा. ‘या वर्षी सगळ्या मारल्या की पुढच्या वर्षी येणार नाहीत’ असं समजू नका. हा पतंग लांब पल्ल्याचा प्रवासी आहे. आफ्रिका आणि दक्षिण आशियातला असूनही तो उन्हाळ्यात भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोहोचतो. तुमच्या कुंपणावरून येणं त्याला अवघड नाही.

फवारणीची वेळ आलीच तर

घरच्या बागेत या अळीसाठी रासायनिक कीटकनाशक मारण्याचं कारण सहसा नसतं. तगरीची फुलं देवाला वाहायची, सदाफुलीला मुलांचे हात लागायचे, आणि त्यांवरच विष शिंपडायचं, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. निंबोळी अर्क कोवळ्या अळ्यांवर काही प्रमाणात चालतो, मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. बीटी या जिवाणूवर आधारित पावडरचंही तेच. शिवाय ती शेजारच्या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्यांनाही मारते.

फवारणीचं विष किती खरं असतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेतातल्या फवारणीची आणि घरच्या बागेची तुलना होत नाही, पण बाटली त्याच दुकानातून येते.

सोसायटीने किंवा माळ्याने फवारणी ठरवली असेल, तर तुम्हाला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. हे नक्की विचारा:

- औषधाचं नाव काय? ‘किडीचं औषध’ हे उत्तर नव्हे. बाटली पाहायला मागा. सुट्या, लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीही मारू देऊ नका.
- लेबलावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे? लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे.
- वापराची मुदत संपली आहे का? मुदत संपलेलं कीटकनाशक विकणं बेकायदा आहे.
- फवारणी करणाऱ्या कंपनीकडे परवाना आहे का? व्यावसायिक कीडनियंत्रणासाठी कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालच्या नियमांनुसार परवाना लागतो. त्याची प्रत मागा.
- कधी मारणार? आदल्या दिवशी लेखी सूचना मागा. दम्याचे रुग्ण, तान्ही मुलं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरांना खिडक्या बंद करायला वेळ मिळायला हवा.

अळ्या पडतात म्हणून सप्तपर्णीचं झाडच तोडावं, अशी मागणी काही सोसायट्यांमध्ये होते. महाराष्ट्राच्या शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, आणि झाड मरेल अशी इजा करणंही त्यातच येतं. अर्जात ‘अळ्या’ हे कारण लिहिण्याआधी सभासदांनी एवढं तरी पाहावं की अळ्या वर्षातले किती दिवस असतात. पार्किंगमध्ये लेंड्या पडतात ही तक्रार खरी आहे. तेवढे दिवस झाडाखाली झाडू मारून घेणं हा त्यावर पुरेसा उपाय आहे.

घरी वाढवून पाहायची असेल तर

मुलांना शाळेच्या पुस्तकात चार अवस्था चित्रात दिसतात. इथे त्या दारात चालून येतात, आणि अळी इतकी मोठी असते की भिंगही लागत नाही. करून पाहा, फक्त घाईने नको.

पुठ्ठ्याचं किंवा प्लॅस्टिकचं मोठं खोकं घ्या आणि तोंडाला मलमलचं कापड रबराने लावा. तळाशी तीन-चार बोटं भुसभुशीत माती आणि त्यावर वाळका पाला पसरा. ज्या झाडावर अळी सापडली त्याचीच पानं द्या. तगरीवरची अळी मध्येच कण्हेरीवर घातली तर बऱ्याचदा तोंड लावत नाही. मुलं हाताळणार असतील तर तगर किंवा सदाफुलीवरचीच अळी निवडा, कण्हेरीवरची नको. पानं रोज ताजी हवीत, पण ओली नकोत. लेंड्या रोज काढा, नाहीतर बुरशी धरते. खोकं उन्हात ठेवू नका.

रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या तगरीची पानं देऊ नका. विक्रीआधी त्यांवर फवारणी झालेली असू शकते, आणि अळी दुसऱ्या दिवशी मरून पडते. हा अनुभव अनेकांना येतो आणि आपलं काय चुकलं हेच कळत नाही.

अळी तपकिरी झाली की पानं देणं थांबवा आणि तिला हात लावू नका. ती पाल्यात शिरून दोन-चार धाग्यांचं विरळ जाळं विणेल आणि आत तपकिरी, काळ्या ठिपक्यांचा कोष होईल. तो रेशमाच्या किड्याच्या कोषासारखा बंद डबा नसतो, उघडाच दिसतो. अधूनमधून मातीवर पाण्याचा हलका शिडकावा द्या. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. कधी पतंगाऐवजी माश्या निघतात. म्हणजे अळी बाहेर असतानाच परजीवी माशीने तिच्यावर अंडी घातलेली होती. मुलं हिरमुसतात, पण बागेत अळ्यांची संख्या आटोक्यात राहते ती याच माश्या, गांधीलमाश्या आणि पक्ष्यांमुळे, हे समजावून सांगायची ती चांगली संधी असते.

खोक्यात एक खरखरीत काडी उभी ठेवायला विसरू नका. पतंग बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख चुरगळलेले, ओले असतात. तो वर चढून लटकतो तेव्हा ते उलगडतात. चढायला जागा मिळाली नाही तर पंख तसेच वाकडे वाळतात आणि तो कधीच उडू शकत नाही.

पंख वाळले की दिसतो तो नऊ ते अकरा सेंटिमीटर पसाऱ्याचा पतंग: गडद हिरवा, फिकट हिरवा, पांढरट आणि गुलाबी अशा लहरींचा, जणू सैनिकाच्या गणवेशाचं कापड. त्याला दिवसा सोडू नका, कावळे टपलेले असतात. तिन्हीसांजेला खोकं जाई-जुईच्या किंवा मधुमालतीच्या वेलाजवळ नेऊन कापड काढा. पतंग आधी थरथरतो, पंखांचे स्नायू तापवतो. त्याला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढा वेळ हलवू नका.

सोडलेला पतंग बागेच्या कामीही येऊ शकतो. केनियातल्या पपईच्या बागांमध्ये संध्याकाळी नरफुलांवरून मादीफुलांवर पराग नेण्याचं काम मुख्यतः ससाणा पतंग करतात असं अभ्यासात आढळलं आहे. परसात पपई असेल तर दिवेलागणीनंतर पाच मिनिटं तिच्याखाली उभे राहून पाहा.

फोटो काढलात तर तारीख, गाव आणि झाडाचं नाव त्यासोबत लिहून ठेवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळला जातो. २०१२ पासून हा उपक्रम चालू आहे आणि भारतातूनही नोंदी जातात. मुंबईच्या डॉ. व्ही. शुभलक्ष्मी यांचं भारतीय पतंगांवरचं क्षेत्र-मार्गदर्शक पुस्तक २०१८ मध्ये आलं आहे. पतंगाची ओळख पटवायला ते हाताशी असावं. अळीचा फोटो वरून एक, कुशीवरून एक आणि ती बसलेल्या पानाचा एक, असे तीन घ्या. ओळख पटवणारा सगळ्यात आधी तिसराच उघडतो.